झेरॉक्सवाल्याने महापालिकेला उभं राहावं का?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नाशिकच्या सिडकोत आमच्या चौकात अप्पांचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. 15 जानेवारी 2026 ला झालेल्या महापालिका निवडणुकीत ते अपक्ष उभे होते. पडले, अनामतही गेली. तेव्हापासून चौकात आणि सोसायटीच्या ग्रुपवर एकच ऐकतोय, "चांगला धंदा होता, कशाला नसत्या भानगडीत पडले?" मला हे अजिबात पटत नाही.

अप्पांच्या घरात कधी कुणी सरपंचसुद्धा नव्हतं. लोक घरपट्टीच्या पावतीची झेरॉक्स काढायला यायचे आणि विचारायचे, नाव लावायला कुठला अर्ज भरायचा? मग ते कोरे अर्ज ठेवू लागले. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले आणि जवळपास चार वर्षं शहरात एकही नगरसेवक नव्हता. गटार तुंबलं, दिवा गेला, पाणी कमी दाबाने आलं, तर माणूस जाणार कुणाकडे? काही माजी नगरसेवक तेव्हाही कामं करत होते, नाही असं नाही. पण आमच्या भागातले लोक अप्पांच्या काउंटरवर यायचे. ते अर्ज लिहून द्यायचे, मोबाईलवरचा फोटो छापून मागे स्टेपल करायचे आणि दोन प्रती काढून बजावायचे, "एकीवर पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका." ती पोच घेतलेली प्रत गल्लीप्रमाणे लावलेल्या बॉक्स फाईलमध्ये जायची. मागच्या गल्लीतलं चेंबर पावसाळ्यात तिसऱ्यांदा उफाळलं तेव्हा तिथल्या बायकाच म्हणाल्या, "अप्पा, आता तुम्हीच उभे राहा."

पुढे मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रखडलेल्या निवडणुका घ्यायला सांगितलं, आरक्षण सोडतीत आमच्या प्रभागातली एक जागा सर्वसाधारण निघाली आणि अप्पांनी अर्ज भरला. पोस्टरवर झळकायची हौस म्हणून ते उभे राहिलेले नाहीत. लोकांनी काम आणून टाकलं आणि ते त्यांनी चोख केलं. नगरसेवक असाच घडायला हवा, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

सातपूरकर

मत स्पष्टच सांगतो, उभं राहायला नको होतं. अर्ज लिहून देणं ही सेवा आहे, तिचा आदर आहे. पण नगरसेवकाचं काम अर्ज लिहिणं नाही. अंदाजपत्रक वाचणं, स्थायी समितीपुढे आलेल्या निविदेत दर फुगवलाय का ते ओळखणं, विकास आराखड्यातलं आरक्षण कोण आणि कसं हलवतंय यावर लक्ष ठेवणं, हे खरं काम. आपण वर्षानुवर्षं "गटाराचं झाकण बसवून देणारा" शोधत आलो, म्हणून सभागृहात धोरणावर बोलणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

शिवाय घर चालतं दुकानावर. स्वतः काउंटरला नसलं की गिऱ्हाईक दोन दिवस वाट बघतं, तिसऱ्या दिवशी पुढच्या दुकानात जातं. माझा जॉब वर्कचा गाळा आहे, मला हे रोज दिसतं. भल्या माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं आणि निकालाच्या दिवशी आपण घरी टीव्ही बघायचा, हे मला क्रूर वाटतं.

माजी बूथप्रमुख

एका पक्षाचं काम पंधरा वर्षं केलं, आता सोडलंय. भावनेचं बोलणं बाजूला ठेवून हिशोब मांडतो.

नाशिकला 122 जागा आणि 31 प्रभाग. 29 प्रभाग चार सदस्यांचे, दोन तीन सदस्यांचे. मतदार साडेतेरा लाखांच्या आसपास, म्हणजे एका प्रभागात सरासरी चाळीस हजारांच्या वर. अप्पा उभे एकाच जागेवर, पण फिरायचं अख्ख्या प्रभागात. पक्षाचे चार उमेदवार खर्च वाटून घेतात, रिक्षा एक, पत्रक एक, बूथवरची पोरं तीच. अपक्षाला सगळं एकट्याने करावं लागतं. चिन्ह मिळालं 3 जानेवारीला आणि मतदान 15 ला. बारा दिवसांत चाळीस हजार लोकांच्या डोक्यात नवं चिन्ह कसं बसणार? मतदार यंत्रापुढे उभा राहिला की अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची असतात. ओळखीचं चिन्ह दिसलं की चारही बटणं त्याच चिन्हावर जातात.

2017 ला हीच चारची पद्धत होती. 122 पैकी अपक्ष निवडून आले तीन. माणूस चांगला की वाईट हा प्रश्नच येत नाही हो, रचनाच अशी आहे. उभं राहायचंच तर एबी फॉर्म, म्हणजे पक्षाची अधिकृत उमेदवारी घेऊन, नाहीतर अजिबात नाही.

गोदाकाठ

@माजी बूथप्रमुख, तुमचा हिशोब बरोबर आहे आणि म्हणूनच मला संताप येतो. 2007 ला एका प्रभागात एक नगरसेवक होता, 2012 ला दोन झाले, 2017 ला चार. मग एक, मग तीन असे निर्णय फिरले आणि शेवटी गाडी पुन्हा चारवर आली. मुंबईत 227 प्रभाग आणि प्रत्येकात एकच नगरसेवक. राज्य एक, मग मुंबईच्या मतदाराला जे मिळतं ते नाशिकच्या का नाही? चौघांच्या प्रभागात चेंबर तुंबलं तर चौघंही तिसऱ्याकडे बोट दाखवणार.

@सातपूरकर, अंदाजपत्रक वाचता येणारे पदवीधर आपण पूर्वीही निवडून दिलेत. त्यांनी काय वाचलं? ज्याने चार वर्षं एकेका तक्रारीची पोच जपून ठेवली, कुठला अर्ज कुठल्या टेबलावर किती दिवस अडतो हे ज्याला तोंडपाठ आहे, त्याला निविदा कळणार नाही असं का धरून चालायचं?

जेलरोडची बुटीकवाली

सगळी चर्चा वाचली. एक गोष्ट कुणीच विचारली नाही. अप्पा प्रचाराला फिरत होते तेव्हा दुकान कोण चालवत होतं?

गोदाकाठ दादा, राग मानू नका. पण मला खात्री आहे की काउंटरला त्यांची बायको होती आणि एरवीही अर्धा वेळ तीच असते. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, म्हणजे त्याच प्रभागात दोन जागा बायकांच्या होत्या. अर्ज लिहिणारी, पोच जपणारी, चेंबरवाल्या बायकांना नावानिशी ओळखणारी तीही असणार. मग "अप्पा तुम्हीच" का? आमच्याकडे बाईला तिकीट मिळतं ते नवऱ्याची जागा आरक्षणात गेली की. पत्रकावर तिच्या फोटोपेक्षा त्याचा फोटो मोठा. धंदा करणारी बाई स्वतःच्या नावावर उभी राहिलेली मला बघायची आहे. माझं स्वतःचं दुकान आहे, जीएसटी मी भरते, कारागिरांचे पगार मी करते. मला कुणी म्हणत नाही, "ताई, उभ्या राहा."

सातपूरकर

ताई, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण त्याने माझा मुद्दा पुसला जात नाही. तुम्ही उभ्या राहिलात तरी बुटीक कुणीतरी सांभाळावंच लागेल.

आणि गोदाकाठ, बाहेर राहून काम होत नाही असं थोडंच आहे? कुंभमेळ्यातल्या साधूंच्या वस्तीसाठी, म्हणजे साधुग्रामासाठी, तपोवनातली झाडं तोडायची म्हटल्यावर 2025 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात लोक रस्त्यावर आले. त्यातल्या कितीजणांकडे पद होतं? तरी राज्यभर त्याची दखल घ्यावी लागली. अप्पांनी दबावगट बांधावा, माहिती अधिकारात कागद काढावेत. दुकानही टिकेल आणि वचकही राहील.

गोदाकाठ

तपोवनाचंच उदाहरण घेऊ. झाडांवर नोटिसा लागल्या तेव्हा महापालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हतं. हरकती ऐकणारे अधिकारी, निर्णय घेणारेही अधिकारी. सभागृह असतं तर प्रत्येक नगरसेवकाला हात वर करून सांगावं लागलं असतं, तू कुठल्या बाजूला? लोकांना रस्त्यावर यावं लागलं ते आत विचारणारं कुणी नव्हतं म्हणून. 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे, शहरभर खोदकाम सुरू आहे. अशा वेळी सगळ्या भल्या माणसांनी बाहेर बसून फक्त माहिती अधिकाराचे अर्ज टाकत राहायचं का?

@बुटीकवाली, काउंटरला वहिनी असतात हे खरं. त्यांना मी विचारलं नव्हतं, चौकातल्या कुणीच विचारलं नव्हतं. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

निवृत्त कारकून

मी एका महापालिकेत नोकरी केली, कुठल्या ते महत्त्वाचं नाही. दुकानदाराने उभं राहण्याआधी काय तपासावं ते सांगतो, कारण उत्साहात हे राहून जातं.

पहिलं म्हणजे थकबाकी. घराची आणि दुकानाचीही. दुसरं, महापालिकेच्या कुठल्याही करारात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर माणूस अपात्र ठरतो. उद्या अप्पा निवडून आले आणि त्यांच्या दुकानातून महापालिका शाळेला स्टेशनरीचा पुरवठा निघाला, तर पद धोक्यात. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालेलं असेल तर अर्जच भरू नये.

सगळ्यात मोठा फास मात्र बांधकामाचा. स्वतः, जोडीदाराने किंवा अवलंबून असलेल्या व्यक्तीने अनधिकृत बांधकाम केलेलं असेल तर नगरसेवकपद जातं, कायद्यात तसं स्पष्ट आहे. आता सिडकोत फेरी मारा. योजनेतली मूळ घरं एवढीशी, कुटुंबं वाढली तशी पुढे ओटा, वर खोली, बाजूला जिना वाढत गेला. दुकानांपुढचे पत्रे तर विचारूच नका. साधा माणूस निवडून आला की हरलेला उमेदवार पहिला अर्ज याच मुद्द्यावर करतो. मोठ्यांकडे वकिलांची फौज असते, वर्षानुवर्षं तारखा पडतात. झेरॉक्सवाला पहिल्या नोटिशीलाच घाबरतो.

हरल्यावरही एक काम उरतं. निकालापासून तीस दिवसांत खर्चाचा हिशोब द्यावा लागतो, हरलेल्यानेसुद्धा. दिला नाही तर तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं. अप्पांनी दिलाय का?

गोदाकाठ

दिलाय काका. प्रत्येक बिलाची झेरॉक्स जोडून, आणि पोचही घेतलीय.

पत्र्याचं तुम्ही बोललात ते मात्र डोक्यात राहिलं. दुकानापुढे पत्रा आहे, पावसात गिऱ्हाईक भिजू नये एवढाच. निवडणुकीआधी कुणीतरी त्याचा फोटो काढून गेलं होतं.

माजी बूथप्रमुख

फोटो काढला याचा अर्थ समोरच्याने त्यांना गंभीरपणे घेतलं होतं. ज्याची भीती नाही त्याच्या पत्र्याचा फोटो कुणी काढत नाही, हे मी आतून बघितलंय. त्यांना सांगा, पत्रा आत्ताच नियमात बसवून घ्या आणि चार गल्ल्यांतून चार माणसं धरा. वेगवेगळ्या आरक्षणाची, दोन बायका हव्यातच. पाच वर्षं एकत्र काम करा आणि चौघांचं पॅनल करून लढा. चार बटणांच्या पद्धतीवर सध्या तरी तेवढाच तोडगा आहे.

सातपूरकर

आणि त्या पाच वर्षांत दुकान?

जेलरोडची बुटीकवाली

दुकान चालेल हो, ते चालवणारी आहे. तुम्ही तिला एकदा विचारा तरी, पॅनलमधल्या दोन बायकांत तिचं नाव घालायचं का.