तीनदा रिव्हिजन केली, तरी पेपरात डोकं रिकामं. मदत हवी आहे

मधलीसुट्टी: पटकन सांगा, वेळ नाहीये. तीनदा रिव्हिजन झाली, पुस्तक हायलायटरने पिवळंधम्मक झालंय. काल पेपर हातात आला आणि सगळं गायब. रिव्हिजन करायची तरी कशी?

सिडकोकर: कितवी? कुठला पेपर?

मधलीसुट्टी: बारावी. अजून कुठली असणार!

सिडकोकर: अरे, बोर्ड की सीईटी? बोर्डात फिजिक्स ७० मार्कांचं लिहायचं असतं. सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्री मिळून ९० मिनिटांत १०० प्रश्न. दोन्हींची उजळणी वेगळी.

मधलीसुट्टी: बोर्ड. क्लासची प्रिलिम होती. रस्त्याच्या बँकिंगचं, म्हणजे वळणावर रस्ता तिरका ठेवतात त्याचं, डेरिव्हेशन आलं. आकृती काढली आणि पुढे ठप्प.

पहाटपक्षी: पहाटे चारला उठ. आमची दोन्ही मुलं उठायची.

मधलीसुट्टी: काकू, जानेवारीत? नाशकात?

पहाटपक्षी: काका आहे मी.

जुनामास्तर: वेळेचं राहू दे. पुस्तक उघडं ठेवून वाचलं की सगळं ओळखीचं वाटतं. ओळखीचं वाटणं वेगळं, येणं वेगळं. पुस्तक मिट, कोऱ्या कागदावर लिही, मग ताडून बघ. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर हेच तपासलं होतं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे.

पहाटपक्षी: आम्ही सगळं पाच-पाच वेळा वाचूनच पास झालो.

जुनामास्तर: झालात ना. त्यातलं आज काय आठवतंय?

तर्रीवाला: अवांतर: गंगापूर रोडला शांत अभ्यासिका आहे का? भाचीसाठी हवी आहे.

सिडकोकर: सावानात विचारा. १८४० पासूनचं वाचनालय आहे. गंगापूर रोडला अभ्यास कमी आणि मिसळीचे बेत जास्त होतात.

तर्रीवाला: मिसळीला नावं ठेवू नका.

जेलपेन: निळं पेन वापरत जा. काळ्याची शाई मागच्या पानावर उमटते.

मधलीसुट्टी: पेनचं कोणी विचारलंय? मास्तर, पुस्तक मिटून आत्ता लिहून बघितलं. तिसऱ्याच ओळीला अडकलो. नॉर्मल रिअ‍ॅक्शनचे घटक पाडायचे, मी वजनाचे पाडले. काल पेपरातही तेच केलं असणार. आणि ती ओळ पुस्तकात पिवळी आहे!

जुनामास्तर: सापडलं ना! आता तेवढंच बघ, अख्खा धडा पुन्हा वाचत बसू नकोस. परवा परत कोऱ्या कागदावर लिही, मग आठवड्याने.

पहाटपक्षी: परवा पहाटे.