मुंबईत फुटपाथवर पावसाळ्यापुरतं छप्पर: फ्लेक्स की ताडपत्री?

पागोळी: चार जणांचं कुटुंब, त्यात वर्षाचं बाळ. बेघरांच्या निवाऱ्यात बाई आणि पुरुष वेगळे ठेवतात म्हणून ते तिकडे जायला तयार नाहीत. जागा पेव्हर ब्लॉकची, मागे कंपाउंडची भिंत, पुढे पश्चिमेला रस्ता. खड्डा खणता येत नाही. जुना फ्लेक्स फुकट मिळतोय. तो चालेल की ताडपत्रीच घ्यावी? आणि खालून येणारं पाणी कसं अडवायचं?

बांबूकाम: फ्लेक्स जाड दिसतो, पण उन्हाने ताठ झाला की घडीवर चिरतो. तो बाजूच्या पडद्याला लावा. छपराला १२ x ९ फुटांची ताडपत्री घ्या, निदान १२० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाची).

खरा घात उताराचा होतो. लोक छप्पर सपाट ताणतात, मध्ये झोळ पडतो, त्यात २० लिटर पाणी साचलं की २० किलो वजन एका जागी येतं आणि ताडपत्रीच्या काठाची दोरी ओवायची रिंग उपटून निघते. मागचे बांबू ६ फुटांचे ठेवा, पुढचे ४ फुटांचे, मधलं अंतर ६ फूट. पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो, त्यामुळे रस्त्याकडची बाजू बुटकी हवी. तिकडे फूटभर कापड बांबूच्या बाहेर काढा, म्हणजे पागोळ्या आत पडणार नाहीत. उरलेलं मागे भिंतीकडे खाली सोडा.

बांबू उभे करायला तेलाचे १५ किलोचे चार रिकामे डबे लागतील. बांबू मध्ये धरून भोवती डबर आणि ओली रेती ठोकून भरा. भरलेला डबा साधारण २५ ते ३० किलोचा होतो. तरीही दोन बांबूंमध्ये तिरपी दोरी हवीच, नाहीतर वाऱ्यात सगळी चौकट एका अंगाला कलते.

रिंगेवर भरवसा नको. ताडपत्रीच्या कोपऱ्यात लिंबाएवढा गोल खडा गुंडाळा, त्याच्या मानेला दोरी बांधा. दोरी आणि बांबू यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घाला, वाऱ्याचा हिसका ती खाते. नायलॉन ओला झाला की सैलावतो, रोज संध्याकाळी ताण बघा.

ओलावा: खालच्या पाण्याचं सांगते. नुसता पुठ्ठा पहिल्याच रात्री लगदा होतो. आधी विटांवर लाकडी पॅलेट, त्यावर प्लास्टिक, मग थर्माकोल किंवा पुठ्ठा आणि वर चटई. हे प्लास्टिक छपराच्या सावलीबाहेर एक इंचही जाऊ देऊ नका. बाहेर आलेल्या काठावरचा पाऊस घरंगळत सरळ अंथरुणाखाली येतो. पॅलेटखालची वाट मोकळी ठेवा. तिथे गाठोडी कोंबली की पाणी अडतं आणि उंदीर घर करतात.

आधाराची दोरी छपरापासून बाहेरच्या खुंटीकडे चढत जात असेल तर तिच्यावरून पाणी आत ओघळतं. छपराजवळ दोरीला चिंधी बांधून लोंबती सोडा, पाणी तिथेच ठिबकतं.

पागोळी: दिव्याच्या खांबाला एक टोक बांधलं तर दोन डबे वाचतील का?

बांबूकाम: नको. दिव्याचा खांब, सिग्नलची पेटी, विजेचा डबा, यांपैकी कशालाही दोरी किंवा ओला बांबू टेकवू नका. पावसात त्यांत करंट उतरून माणसं गेलेली आहेत.

ओलावा: चूलही आत नको. झडीपासून वाचायला चारही बाजू बंद करून शेगडी पेटवली तर विषारी वायू कोंडतो, बाळाला तर फारच लवकर बाधतो. बाजूच्या पडद्यांना पूर्वेकडे, भिंतीजवळ, वरची फट रात्रभर उघडी राहू द्या.

भरती४: या जागी पाणी तुंबतं का ते आधी विचारा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आला की सखल भागातलं पाणी समुद्रात जात नाही. त्या वेळा पालिका आधीच जाहीर करते. अशा दिवशी छपराचा नाद सोडून बाळाला घेऊन उंचावर जायचं. मदतीला पालिकेचा फोन १९१६. पायाला जखम असताना तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात लेप्टोची (उंदरांच्या मुतातून पाण्यात पसरणाऱ्या तापाची) गोळी विचारा. गरोदर बाई आणि ८ वर्षांखालच्या मुलांचं औषध वेगळं असतं, म्हणून मोठ्यांची गोळी त्यांना देऊ नका.

आणि आधार, रेशन कार्ड, बाळाचं लसीकरणाचं कार्ड दोन पिशव्यांत गुंडाळून अंगावरच ठेवायला सांगा. पालिकेची अतिक्रमण हटवणारी गाडी आली की ताडपत्रीसोबत गाठोडंही उचलून नेतात.

पागोळी: ताडपत्री आणि डबे उद्याच बघतो. सुरगाठीच मारतो, म्हणजे गाडी दिसताच सोडता येतील.