मदत हवी आहे: कँडीत एकच दिवस, सोबत आई आणि तिचे गुडघे

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आईला घेऊन श्रीलंकेला जातेय. सहा दिवसांची ग्रुप टूर आहे, पैसे भरून झालेत. तेव्हा 'स्वतःच ठरवून जायचं होतं' हा सल्ला कृपया नको, तो घरात रोज मिळतोय.

अडचण कँडीच्या दिवसाची आहे. आई नागपूरची, वय 71. दीक्षाभूमीला पांढरी साडी नेसून जायचं तिने आजवर चुकवलेलं नाही. तिथला बोधिवृक्ष अनुराधापूरच्या बोधिवृक्षाच्या फांदीपासून वाढलेला, म्हणून तिला खरं तर अनुराधापूर बघायचं होतं. ते टूरमध्ये नाहीच. मग तिने सगळा जीव कँडीच्या दंतधातूवर, म्हणजे तिथे जपलेल्या बुद्धाच्या दातावर लावलाय. पांढरी साडी आत्ताच इस्त्री करून बॅगेत सगळ्यात वर ठेवलीय.

आता कार्यक्रमपत्रिका बघा. सकाळी कोलंबोहून निघायचं, वाटेत हत्ती, मग मसाल्याची बाग (म्हणजे दुकान), दुपारी एक ते पावणेदोन दळदा मालिगावा (म्हणजे तेच दाताचं मंदिर), नंतर रत्नांचं दुकान, पाचला कँडी नृत्य, जेवण, झोप. दुसऱ्या दिवशी साडेआठला नुवारा एलियाला रवाना. आणि मी वाचलं की दाताच्या खोलीचं दार फक्त पूजेच्या वेळी उघडतं, पहाटे साडेपाच, सकाळी साडेनऊ आणि संध्याकाळी साडेसहा. टूरवाल्यांना फोन केला तर उत्तर मिळालं, "मॅडम, बाहेरून सगळं दिसतं." दोन दुकानांना मिळून अडीच तास आणि ज्यासाठी आई येतेय त्याला पाऊण तास, तोही दार बंद असताना!

नाच सोडून संध्याकाळची पूजा गाठावी का? जिने किती आहेत, उभं किती राहावं लागतं? राजवाडाही तिथेच आहे म्हणतात, तो बघण्यासारखा उरलाय का? जाऊन आलेल्यांनी सांगा.

प्रतिसाद

रत्नांच्या दुकानाच्या वेळेत निघून जा. तसंही तिथे चहा पाजून दीड लाखाचा नीलम दाखवतात. 😀

प्रतिसाद

मी दोन वर्षं कोलंबोत नोकरीला होतो, सासूबाईंना घेऊन मालिगावाला गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

संध्याकाळची पूजा नको. नाच संपला की सगळे पर्यटक तिथूनच थेट मंदिरात येतात, जिन्यावर मुंगीला वाट नसते. तुम्ही कँडीत मुक्कामाला आहात ना, मग दुसऱ्या दिवशी पहाटेची साडेपाचची पूजा धरा. हॉटेलवाल्याला रात्रीच रिक्षा सांगून ठेवा. साडेसातपर्यंत परत याल, नाश्ताही मिळेल. टूरवाल्यांची परवानगी काढायचा प्रश्नच नाही.

चपला बाहेर काढाव्या लागतात, दुपारी तो दगड तव्यासारखा तापतो. पहाटे तो त्रास नाही. खालच्या मजल्यावर ढोल आणि सनईच्या जातीचं एक वाद्य सुरू होतं, छातीत घुमतं अगदी. दाताची खोली वरच्या मजल्यावर, जिना चढावाच लागतो. आईंना आधी वर नेऊन भिंतीला टेकून बसवा. वर सगळे जमिनीवरच बसलेले असतात, म्हाताऱ्या बायका मांडी घालून गाथा म्हणत असतात. दार उघडलं की रांग सरकते, खिडकीसमोर तुम्हाला दोन-तीन सेकंद मिळतात. थांबलात तर पुढे सरकवतात.

एक गोष्ट आईंना निघण्याआधीच सांगा. दात दिसत नाही. दिसतो तो सोन्याचा स्तूपाच्या आकाराचा करंडक, त्याच्या आत एकात एक आणखी करंडक, असे सात. सासूबाई 'एवढ्यासाठी?' म्हणून थोड्या हिरमुसल्या होत्या. पण शेजारच्या सिंहली आजींनी त्यांच्या हातातली कमळं आपल्या हातांनी समोरच्या लांब मेजावर ठेवून दिली आणि दोघी एकदमच 'साधु, साधु, साधु' म्हणाल्या. त्यानंतर तक्रार नाही. फुलं दाराबाहेरच मिळतात, निळी कमळं घ्या.

पांढरी साडी उत्तम. तिथले उपासक-उपासिका पांढऱ्यातच येतात, त्यांना आई घरच्याच वाटतील. तुमचेही खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, तिथे ते फार मनावर घेतात. पासपोर्ट जवळ असू द्या, सार्क देशांच्या लोकांना तिकीट कमी पडतं. आणि तारीख पौर्णिमेची तर नाही ना, बघा. पोयाच्या (पौर्णिमेच्या) दिवशी देशभर सुट्टी असते आणि गर्दी विचारू नका.

प्रतिसाद

राजवाड्याबद्दल. वेगळा जायचा प्रश्न नाही, मंदिर राजवाड्याच्याच आवारात आहे. ज्याच्या ताब्यात दात त्याचं राज्य, असा तिथला समज, म्हणून राजे दात आपल्या अंगणात ठेवत. दर्शनी भागातला अष्टकोनी सज्जा शेवटच्या राजाने, श्री विक्रम राजसिंहाने बांधवला. समोरचा तलावही त्याचाच, 1807 चा. बाजूला मगुल मडुवा आहे, कोरीव लाकडी खांबांचा उघडा दरबार. 2 मार्च 1815 ला तिथेच सरदारांनी इंग्रजांशी करार केला आणि राज्य गेलं. राजाला वेल्लोरला पाठवलं, तो 1832 मध्ये तिथेच वारला. राजाच्या महालात आता पुरातत्त्व संग्रहालय आहे.

तुमची ती दुपारची पाऊण तासाची भेट यासाठी वापरा. आईंना मगुल मडुवात सावलीत बसवा. तिथे फारसं कोणी फिरकत नाही आणि खांब बघत अर्धा तास सहज जातो. राजा नावाचा हत्ती पेंढा भरून ठेवलाय, तो मला काही झेपला नाही.

प्रतिसाद

आई शाकाहारी असतील तर पोळ सांबोलपासून सावध. दिसतं आपल्या ओल्या खोबऱ्याच्या चटणीसारखं, पण बहुतेक वेळा त्यात उंबलकड, म्हणजे सुका मासा कुटून घातलेला असतो. परिप्पु म्हणजे नारळाच्या दुधातलं वरण, ते बिनधास्त. तरी विचारून घ्या.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला मोठ्याने वाचून दाखवलं. दात दिसत नाही म्हटल्यावर म्हणाली, "मला माहितेय. राजकन्या हेमामालीने कलिंगाहून केसांत लपवून नेला होता, तो काय असा कोणालाही दाखवतील?" ही कथा तिला कधीपासून पाठ आहे आणि मी इकडे तिला कसं सांगू म्हणून दोन दिवस झुरत होते.

बाबासाहेब 1950 साली बौद्ध परिषदेला लंकेला गेले होते, हेही तिने मला पुन्हा एकदा ऐकवलं. पहाटेचं नक्की ठरलं. पोयाची तारीख तपासली, आम्ही तिच्या चार दिवस आधी पोचतोय. सुक्या माशाची चिंता नाही, आई सुकट खाते.

आता एकच. हॉटेल तलावाच्या पलीकडे, टेकडीवर आहे. पहाटे पाचला रिक्षावाला खरंच येतो का, की आदल्या दिवशीच त्याच्या हातावर थोडे पैसे टेकवून ठेवावेत?