मदत हवी आहे: घर आणि होडीच्या ट्रेलरसाठी प्रेशर वॉशर कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. आमचं घर मालवणजवळ. पावसाळा सरला की जांभ्याच्या पायऱ्यांवर इतकं शेवाळ धरतं की आईला अंगणात पाठवायची भीती वाटते. शिवाय फायबरच्या छोट्या होडीचा ट्रेलर दर खेपेला खाऱ्या पाण्यात उतरतो. मीठ आणि वाळू स्प्रिंगच्या पाट्यांत, नटबोल्टांत अडकून गंज चढतो.

१३० बारच्या आसपासच्या दाबाने पाणी मारणारं, इंडक्शन मोटरचं मशीन घ्यावं असं वाटतंय, कारण सलग अर्धा तास तरी चालवावं लागेल. पण पाणी टाकीचं, जेमतेम दाबाचं. त्यावर पंप नीट ओढतो का? जांभा मऊ, त्याला कोणतं नोझल? आणि चाकांच्या बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन जाऊ नये म्हणून तुम्ही किती अंतरावरून मारता? वापरणाऱ्यांनी कृपया सांगा.