अनुभव धागा : खान्देशातील देवस्थाने आणि त्यांच्या कुशीतले पाणी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत सहलीला जायचे ठरले, की आपण बहुधा एखाद्या देवाच्याच दारी जाऊन पोहोचतो. पाटणादेवी, मनुदेवी, पद्मालय, उनपदेव, चांगदेव, प्रकाशा, तोरणमाळ ही नावे पाहिली तरी लक्षात येते, की मंदिराशेजारी कुंड आहे, धबधबा आहे, झरा आहे, तळे आहे किंवा नद्यांचा संगम आहे. एप्रिल-मे महिन्यांत 45 अंशांच्या आसपास तापणाऱ्या आपल्या मुलखात पूर्वजांनी जिथे पाणी आणि सावली पाहिली, तिथेच देव बसवला असावा, असे माझे मत आहे. म्हणूनच आपल्याकडे ‘दर्शन’ आणि ‘सहल’ यांत फारसा भेद उरत नाही. आपण अशा स्थळी केव्हा गेलात, कोणत्या ऋतूत पाणी कसे होते, सोबत काय शिदोरी होती, घरातील थोरांनी त्या जागेविषयी काय सांगितले, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. केवळ अंतरे आणि वेळापत्रक नको, प्रत्यक्ष पाहिलेले हवे.

चाळीसगाव तालुका, निवृत्त शिक्षिका

आमच्या घराण्याची कुलदेवता पाटणादेवी असल्याने लग्नानंतर पहिल्यांदा बाहेर पडले ती तिथेच. चाळीसगावहून दक्षिणेकडे निघाले, की सातमाळा डोंगररांगेची भिंत जवळ येत जाते आणि शेते संपून गौताळा अभयारण्याची झाडी सुरू होते. 1986 मध्ये हे अभयारण्य जाहीर झाले. चंडिकेचे हेमाडपंती मंदिर त्याच्याच हद्दीत, तीन बाजूंनी डोंगर असलेल्या खोलगट जागेत आहे. माझ्या सासूबाईंचा दंडक होता, ‘आधी देवीनं दर्सन, मंग पानीमा जा.’ मुले कितीही रडली तरी तो मोडत नसे. ओटी भरून, जोगवा मागून झाल्यावरच ओढ्याकडे जायची परवानगी मिळे. केदारकुंडाचा धबधबा त्यापुढे, चालत जाऊन पाहायचा.

शाळेत शिकवत असताना मी मुलींना आवर्जून देवीजवळच्या पाटण गावी नेत असे, कारण आपल्या गणिती भास्कराचार्यांशी जोडलेला शिलालेख पाटणचाच. 1207 च्या सुमाराच्या या लेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची आणि निकुंभ राजांनी त्या मठाला दान दिल्याची नोंद आहे. चांगदेव हे यादव राजा सिंघण याचे ज्योतिषी होते. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख विद्वानांसमोर आणला. लेख संस्कृतात असला, तरी शेवटचा मजकूर जुन्या मराठीत आहे आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल, त्यावरचे राजाला मिळणारे उत्पन्न मठाला दिले, असे त्यात सांगितले आहे. गणित शिकवण्याचा खर्च बाजाराच्या उत्पन्नातून चालावा, ही तजवीज आपल्या तालुक्यात आठशे वर्षांपूर्वी झाली होती. आज सहलीला येणारी बहुतेक कुटुंबे धबधबा पाहून परततात आणि हे त्यांना कोणी सांगत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्यांचे गुडघे साथ देतात, त्यांनी वर डोंगरात पितळखोऱ्याची बौद्ध लेणीही पाहावीत. ती इसवी सनापूर्वीच्या काळापासून कोरलेली आहेत. पावसाळ्यात मात्र त्या वाटेवर शेवाळ असते, तेव्हा माहितगार सोबत घ्यावा.

यावल तालुका, केळी उत्पादक शेतकरी

ताईंनी सासूबाईंचा दंडक लिहिला, तसाच आमच्याकडे मनुदेवीबाबत आहे. आडगावाकडून सातपुड्याच्या दिशेने निघाल्यावर प्रथम दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतात, मग अचानक गोटाळ जमीन येते आणि केळी संपते. हा पट्टा दगडगोट्यांचा आहे. सातपुड्यावरून उतरलेले पाणी येथे जमिनीत मुरते आणि खाली रावेर-यावलच्या विहिरींना मिळते. आमची केळी ज्या पाण्यावर उभी आहे, ते याच डोंगरातून येते, म्हणून पहिला घड देवीला वाहण्याची पद्धत आमच्या घरात आजोबांपासून आहे. मंदिरामागे काळ्या कड्यावरून पाणी कोसळते. श्रावण-भाद्रपदात त्याचे तुषार दर्शनाच्या रांगेपर्यंत येतात, माघ-फाल्गुनापर्यंत धार बारीक होते आणि उन्हाळ्यात कडा कोरडा पडतो. गवळी राजा ईश्वरसेनाने या देवीची स्थापना केली, अशी कथा जुनी माणसे सांगतात.

एक गोष्ट कळकळीने लिहितो. येथे आकाश निरभ्र असले तरी वर डोंगरात पाऊस पडला, की पाण्याचा लोंढा खाली यायला वेळ लागत नाही. पाणी गढूळ झाले, त्यात पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या, की त्या क्षणी मुलांना हात धरून बाहेर काढावे. छायाचित्र काढण्यासाठी थांबू नये. आमच्या गावातील तरुण गर्दीच्या दिवशी आपणहून तिथे उभे राहतात आणि हेच सांगतात, त्यांचे ऐकावे.

एरंडोल, औषध विक्रेता

पद्मालयाविषयी थोडेसे. टेकडीवरच्या या मंदिरात एकाच गाभाऱ्यात गणपतीच्या दोन मूर्ती आहेत, एक डाव्या सोंडेची आणि एक उजव्या सोंडेची. गणपतीच्या साडेतीन पीठांत या स्थानाची गणना केली जाते. समोरच्या तळ्यात कमळे फुलतात, त्यावरूनच नाव पडले. सकाळी लवकर जावे, कारण ऊन चढले की कमळे मिटू लागतात. सभामंडपातील प्रचंड घंटेचा नाद मुलांना फार आवडतो. तळ्याच्या काठावरील दगड निसरडे असतात आणि कमळाचे देठ पायांत अडकतात, त्यामुळे फूल तोडण्यासाठी पाण्यात उतरणे धोक्याचे आहे.

मुक्ताईनगर तालुका, वारकरी गृहिणी

आमच्या चांगदेव गावी पूर्णा नदी तापीला मिळते. हतनूर धरणाच्या फुगवट्यामुळे हे पाणी आता इतके विस्तीर्ण दिसते, की प्रथमच येणारा थबकतो. काठावरचे योगी चांगदेवांचे (पाटणच्या लेखातले ज्योतिषी नव्हेत) दगडी मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. त्याच्या बाह्य भिंतीवरील कोरीव मूर्ती पाहायच्या तर तिसऱ्या प्रहरी जावे, तेव्हा ऊन तिरपे पडते आणि झिजलेल्या चेहऱ्यांवरही रेषा उठून दिसतात.

चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरे पत्र पाठवले आणि त्याच्या उत्तरादाखल पासष्ट ओव्या आल्या, ही कथा आपण सर्व जाणतो. पण कोरे पत्र पाहून ‘चौदाशे वर्षे जगूनही कोराच राहिलास’ असे स्पष्ट म्हणणारी मुक्ताई होती आणि पुढे चांगदेवांनी तिलाच गुरू मानले. तिची कोथळी आणि मेहूण ही स्थाने येथून जवळच आहेत. तापीतीरी वीज कडाडली आणि मुक्ताई गुप्त झाली, असे आम्ही कीर्तनात ऐकत आलो. महाशिवरात्रीच्या सुमारास यात्रा भरते, तेव्हा दिंड्या पायी येतात आणि लोक दोन्हीकडे दर्शन घेतात. आषाढीसाठी मुक्ताईची पालखी येथूनच पंढरपूरला निघते. मी त्या पालखीबरोबर चालले आहे. घाटात पाऊस अंगावर घेत असताना आमच्या पुढची म्हातारी बाई सतत ‘आदिशक्ती मुक्ताबाई’ म्हणत होती आणि तिचा वेग आम्हा तरुणींना गाठता येत नव्हता.

ज्यांना पक्ष्यांची आवड आहे, त्यांनी हिवाळ्यात हतनूरच्या काठी यावे. स्थलांतर करून आलेल्या बदकांचे थवे पाण्यावर बसलेले असतात. त्या वेळी ध्वनिक्षेपक लावून जेवणावळी करू नयेत, एवढीच विनंती.

भुसावळ, रेल्वे कर्मचारी

बोदवड तालुक्यातील शिरसाळ्याच्या मारुतीचा उल्लेख अजून कोणी केला नाही. या मारुतीवर छप्पर नाही. ऊन-पाऊस अंगावर घेत तो उभा आहे आणि शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. येथे डोंगर किंवा धबधबा नाही, तरीही आमच्यासाठी हीच खरी सहल, कारण नवस फेडायला येणारी कुटुंबे झाडाखाली वरण-बट्टी करतात. गहू आणि थोडा मका जाडसर दळून आणायचा, त्यात ओवा, हळद, मीठ आणि तेलाचे मोहन घालून घट्ट मळायचे, गोळे करून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ठेवायचे. वरून तडा गेला की बट्टी झाली. जाड फडक्यात धरून राख झटकायची, मुठीने फोडायची आणि आत तूप सोडायचे. सोबत तुरीचे वरण आणि वांग्याची घोटलेली भाजी. आमच्या कुटुंबात निखारे सांभाळण्याचे काम पुरुषांचे असते आणि वडीलधारे काका ते दुसऱ्या कोणाला देत नाहीत. गोवऱ्या पूर्ण विझवून, राख एका बाजूला करून निघण्याची शिस्तही त्यांनीच लावली.

चोपडा, महाविद्यालयीन विद्यार्थी

अडावदजवळच्या उनपदेवाला आम्ही भूगोलाच्या सरांसोबत गेलो होतो. गोमुखातून गरम पाण्याची धार बारमाही पडते. सरांनी समजावले, की तापीचे खोरे हे खचदरीत, म्हणजे दोन भेगांमधल्या खचलेल्या जमिनीत आहे. जमिनीतील भेगांतून खोल उतरलेले पाणी तापून पुन्हा वर येते आणि सातपुड्याच्या पायथ्याशी असे झरे आढळतात. शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी शरभंग ऋषींची आणि श्रीरामांनी बाण मारून झरा काढल्याची कथा सांगितली. सरांनी ती संपूर्ण, मान देऊन ऐकून घेतली आणि आम्हालाही वहीत लिहून घ्यायला लावली. पहाटेच्या थंडीत त्या धारेखाली उभे राहण्याचे सुख शब्दांत सांगता येत नाही. साबण आणि शाम्पूच्या पुड्या मात्र कुंडात टाकू नयेत.

शहादा, आदिवासी पट्ट्यात काम करणारी परिचारिका

आमच्याकडे प्रकाशा हे ‘दक्षिण काशी’ म्हणून ओळखले जाते. तापी आणि गोमाई यांच्या संगमावर केदारेश्वर, संगमेश्वर आणि पुष्पदंतेश्वर ही मंदिरे आहेत. अस्थिविसर्जनासाठी आलेली माणसे आणि सहलीला आलेली मुले एकाच घाटावर असतात. तिथे आवाज आपोआप खाली येतो. 1954-55 मध्ये येथे उत्खनन होऊन ताम्रपाषाण काळातील वस्तीचे अवशेष मिळाले, म्हणजे या काठावर माणूस हजारो वर्षांपासून राहत आला आहे. तिथून जवळ सारंगखेड्याला एकमुखी दत्ताचे मंदिर आहे आणि दत्तजयंतीला भरणारा घोड्यांचा बाजार तर सर्वांना ठाऊक आहेच.

माझे मन मात्र तोरणमाळला रमते. सात पायरी घाट चढताना हवा बदलते. वर यशवंत तलाव, सीताखाईची खोल दरी आणि गोरक्षनाथांचे मंदिर. महाशिवरात्रीला गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही भाविक येतात, कित्येक जण डोंगर पायी तुडवत. मी नोकरीनिमित्त या भागात हिंडते, म्हणून सांगते, की हे डोंगर रिकामे नाहीत. येथे भिल्ल आणि पावरा समाजाची घरे आहेत, मोहाची झाडे कोणाच्या तरी पोटाची आहेत. रस्त्याच्या कडेला सीताफळे किंवा आमचूर घेऊन बसलेल्या बाईशी दोन-दोन रुपयांसाठी घासाघीस करू नये आणि न विचारता तिचे किंवा तिच्या मुलांचे छायाचित्र घेऊ नये.

धुळे, बँक कर्मचारी

सर्वांचे लेखन वाचून एक विचारायचे आहे. आईचे वय झाले आहे, पायऱ्या चढता येत नाहीत, पण पाण्याकाठी बसून देवाचे नाव घेण्याची तिची फार इच्छा आहे. धुळ्यातील पांझराकाठच्या एकवीरादेवीला ती नेहमी जाते. एका दिवसात जाऊन येण्यासारखे दुसरे कोणते स्थान सुचवाल?

अमळनेर, ग्रंथपाल

भाऊ, आईंना घेऊन अमळनेरला या. बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची समाधी आहे आणि फार चढ नाही. वैशाखातील यात्रेत मोहिनी एकादशीला रथ आणि पौर्णिमेला पालखी निघते, तेव्हा पात्रात दुकाने आणि पाळणे लागतात; तो सोहळा पाहण्यासारखा असला, तरी त्या उन्हात आणि गर्दीत त्यांना त्रास होईल. मंगळवारी मंगळग्रह मंदिरामुळे शहरात गर्दी असते, तो दिवसही टाळावा. बोरीला पाणी पाहायचे असेल तर भाद्रपद-आश्विनात, एखाद्या बुधवारी किंवा गुरुवारी सकाळी निघा. चाकांची खुर्ची सोबत असू द्या आणि जेवण घरून आणा. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि दही असले तरी पुरे.