मदत हवी आहे: काळ्या रानात पाण्याची उंच टाकी, पण मातीचा रिपोर्टच नाही

नमस्कार मंडळी. सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे, चौघांचा ग्रुप आहे. यंदा सरांनी प्रोजेक्टची तऱ्हाच बदलली. पुस्तकातलं उदाहरण चालणार नाही. गाव खरं, गरज खरी, आणि ड्रॉइंग-एस्टिमेट असं की उद्या एखादा गुत्तेदार ते हातात घेऊन कामाला लागला पाहिजे. तोंडीला बाहेरून एक निवृत्त अभियंता बोलावणार आहेत.

आम्ही औसा तालुक्यातलं माझ्या मामाचं गाव धरलं. पुढची लोकसंख्या ३,४००, माणशी ५५ लिटर, म्हणजे रोज १ लाख ८७ हजार लिटर. त्याच्या निम्मी साठवण धरून १ लाख लिटरची टाकी, १२ मीटर उंचीवर. वरचं काम झालंय: एम ३० काँक्रीट, आयएस ३३७० (पाण्याच्या टाक्यांचं भारतीय मानक) प्रमाणे भेगेची रुंदी ०.२ मिमीच्या आत. स्टॅडमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) मॉडेल नीट चाललं.

अडलंय ते खाली. जमिनीची धारणक्षमता, म्हणजे ती किती भार पेलेल, आम्ही २०० किलोन्यूटन प्रति चौरस मीटर घेतली. कुठून घेतली? सीनियरच्या रिपोर्टातून. त्यानं त्याच्या सीनियरच्या. जागा मात्र गावाच्या कडेचं काळं रान आहे, मे महिन्यात भेगेत मनगटापर्यंत हात जातो. बोअर मारून तपासणी करायला पैसे नाहीत. असं गृहीत धरून डिझाइन दिलं तर चालतं का? खऱ्या कामात लोक काय करतात? सबमिशनला पाच आठवडे उरलेत.

जुना गुत्तेदार:
पोरा, प्रश्न विचारलास इथंच निम्मं काम झालं. भल्याभल्यांच्या एस्टिमेटात तो आकडा असाच वारसाहक्कानं आलेला असतो.

पैसे नाहीत ना? मग जागेजवळची विहीर गाठा, न बांधलेली. कडेला उभं राहून खाली बघा. काळी माती किती, मुरूम कुठं लागला, खाली मांजऱ्या (मऊ खडक) आहे का काळा पाषाण, सगळं उघडं दिसतं. विहीर खोदणाऱ्याला विचारा, तो फुटात सांगेल. मग जागेवर एक खड्डा घ्या. मजुरी तेवढी लागेल, मामाला सांगा.

खड्ड्यातली काळी माती कॉलेजच्या लॅबला न्या. फ्री स्वेल टेस्ट, म्हणजे माती पाण्यानं किती फुगते ते, फुकटात होते. ४२५ मायक्रॉन चाळणीतून गाळलेली १०-१० ग्रॅम माती, एक भाग पाण्यात, एक रॉकेलमध्ये, २४ तास ठेवायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून फरक कळतो. (आता रॉकेल शोधण्यातच तुमचा आठवडा जाईल!) फरक ५० टक्क्यांच्या वर गेला तर त्या मातीवर फुटिंग (खांबाचा पाया) टेकवायचंच नाही. टाकीचा एक खांब वर उचलला आणि बाकीचे जागेवर राहिले तर काय होतं ते तुम्हीच काढून बघा. मुरूम जवळ असेल तर सरळ मुरमात जा. खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइलचा (खाली फुगीर बूड असलेला, जमिनीत खोल जाणारा काँक्रीटचा खांब) विचार करा.

लोखंडवाली ताई:
काकांचं बरोबर आहे, पण विहिरीवरून थर कळतात, धारणक्षमता नाही. रिपोर्टाच्या पहिल्याच पानावर ‘गृहीतके’ लिहा: आकडा अमुक धरला, बांधकामाआधी प्लेट लोड टेस्ट (जागेवर लोखंडी प्लेटवर भार देऊन जमीन किती खचते ते बघणं) घेऊन पडताळावा, कमी भरला तर फुटिंग बदलेल. आमच्या ऑफिसात हे पान नसेल तर ड्रॉइंगवर सही होत नाही.

आणि भूकंपाचं काय केलंस? किल्लारी तुमच्याच तालुक्यात ना? आयएस १८९३ (भूकंपाचं मानक) चा भाग १ इमारतींसाठी, टाक्यांसाठी भाग २ आहे. इमारतीचा आर ५ (भूकंपाचं हिशेबी बळ ज्यानं भागतात तो आकडा) टाकला असशील तर बळ कमी येतं. टाकी भरलेली आणि रिकामी, दोन्ही तपास. भरलेलीत १०० टन पाणी डोक्यावर आहे, आणि ते हिंदकळतं.

धागाकर्ता:
काका, ताई, खूप आभार. ताई, आर ५च टाकला होता 🙈 परत करायलोत.

रविवारी गावाला जाऊन आलो. विहिरीत काळी माती साधारण सहा फूट, मग दोनेक फूट पिवळट चिकट थर, मग मुरूम. मामा म्हणाला, ‘हे तर मी फोनवरच सांगितलं असतं.’ आजी मात्र वेगळंच धरून बसली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेची गोष्ट सांगितली आणि म्हणाली, टाकी गावाच्या कडेलाच राहू द्या, घरांवर पडेल अशी नको. आमच्या साइट प्लॅनमध्ये टाकीपासून शाळेची भिंत ९ मीटरवर आहे.

फुटिंग आता मुरमात जवळपास पावणेतीन मीटरवर जातंय. खोदाई, भराव, कॉलमची लांबी सगळंच वाढलं, एस्टिमेट परत. सर म्हणाले, करा. आता एवढंच विचारायचंय: विहीर जागेपासून दीडशे मीटरवर आहे आणि जागा जरा चढावर. जागेवर एक खड्डा पुरेल, की चारही कोपऱ्यांना घ्यावा?

जुना गुत्तेदार:
दोन घ्या, समोरासमोरच्या कोपऱ्यांना. दोन्हीत मुरूम सारख्याच खोलीवर लागला तर ठीक, नाहीतर तिसरा. आणि शाळा सुटल्यावर खोदा, खड्ड्याला काटेरी फांद्या लावून या.