लायसन्स न्यू जर्सीचं, घर टेक्सासमध्ये: स्वतःच्याच खरेदीवर रेफरल फी मागावी का?

एडिसनकर
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीचं सेल्सपर्सन (घरांच्या एजंटचं) लायसन्स आहे, ब्रोकरच्या, म्हणजे ज्याच्या फर्मखाली एजंट काम करतो त्याच्या, नावाखाली चालू आहे. डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्को-मकिनी भागात, भाड्याने द्यायला एक घर घ्यायचं आहे. बजेट चार लाख डॉलर, कर्ज काढूनच. टेक्सासचं लायसन्स नाही, म्हणजे तिथला एजंट लागणारच. माझ्याच खरेदीवर त्याच्याकडे २५ टक्के रेफरल, म्हणजे ग्राहक पाठवल्याबद्दल त्याच्या कमिशनमधला वाटा, मागणं रीतीला धरून आहे का? आणि मागायचं तर कधी, कसं? शिवाय मावसभाऊही तिथेच राहायला घर बघतोय, त्याला लायसन्स नाही. त्याचं नाव दिलं तर हिशेब वेगळा धरायचा का?

प्लॅनोचा दलाल
मागण्यात गैर काही नाही, वेळ चुकली की गैर होतं. १७ ऑगस्ट २०२४ पासून एमएलएसवर (एजंटांच्या सामायिक घर-यादीवर) काम करणाऱ्या एजंटला घर दाखवण्याआधी खरेदीदाराशी लेखी करार करावा लागतो. त्यात त्याचा मोबदला नेमका लिहावा लागतो आणि लिहिल्यापेक्षा जास्त त्याला कुठूनच घेता येत नाही. रेफरलचा विषय काढायचा तो या करारावर सही होण्याआधी, पहिल्याच फोनवर. म्हणजे ‘नाही’ म्हणायची मोकळीक त्यालाही राहते. ऑफर मान्य झाल्यावर, ऑप्शन पिरियडमध्ये (खरेदीदाराला माघार घेता येते त्या दिवसांत) तपासणी चालू असताना पैसे मागणारे असतात. एजंटने तोवर शनिवार-रविवार घालवून घरं दाखवलेली असतात. त्या क्षणी मागितलेली फी म्हणजे अडवणूक.

आता टक्क्यांबद्दल. दुसऱ्याचा ग्राहक पाठवला तर २५ टक्के हा रुळलेला दर आहे, त्यामुळे मावसभावासाठी बेलाशक मागा. स्वतःच्या खरेदीत मात्र तुम्ही ग्राहकही आहात आणि पाठवणारेही. चार लाखांवर अडीच टक्के कमिशन धरलं तर १०,००० डॉलर. त्यातले २,५०० तुमचे, उरलेल्या ७,५०० मधून त्याच्या ब्रोकरचा वाटा. एजंट-ब्रोकर वाटणी ७०-३० असेल तर एजंटच्या हाती ५,२५०, आणि त्यातूनच पेट्रोल, विमा, कर. तुम्ही दुरून खरेदी करणार, म्हणजे व्हिडिओवर घर दाखवणं, तपासनीसाबरोबर हजर राहणं, भाड्याचे अंदाज काढणं हे सगळं त्याच्याच गळ्यात. इतकं काम हवं असेल तर १० ते १५ टक्क्यांच्या वर जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

हडसनकाठचे ब्रोकर
वरचा १५ टक्क्यांचा आकडा मला पटत नाही. लायसन्स असलेला ग्राहक करार स्वतः वाचतो, तुलनेची घरं स्वतः काढतो, रात्री अकराला घाबरून फोन करत नाही. हे काम तुम्ही खरोखर उचलणार असाल तर २५ टक्के रास्त. उचलणार नसाल तर प्लॅनोच्या दलालांचं बरोबर.

कागदांकडे लक्ष द्या, कारण घोटाळे तिथेच होतात. रेफरल फी एजंटकडून एजंटला जात नाही. टेक्सासचा ब्रोकर तुमच्या ब्रोकरला देणार, तुमचा ब्रोकर तुम्हाला. ‘झेलवर पाठवतो’ (थेट बँक खात्यात पैसे पाठवायची सोय) असं कोणी म्हणालं तर हात जोडा, दोघांचं लायसन्स धोक्यात येतं. रेस्पा या घरखरेदीच्या व्यवहारांवरील फेडरल कायद्याच्या कलम ८ मध्ये रेफरलच्या पैशांना बंदी आहे. ब्रोकर-ब्रोकरमधल्या व्यवहाराला जी सवलत आहे ती दोन्ही बाजू दलाल म्हणूनच वागत असतील तरच लागू होते. मावसभावाने उद्या आपला मित्र पाठवला तर त्याला एक डॉलरही घेता येणार नाही.

आधी तुमच्या ब्रोकरचं धोरण विचारा. स्वतःच्या व्यवहारावर काही ब्रोकर वाटा घेत नाहीत, काही पूर्ण घेतात, काही रेफरलची परवानगीच देत नाहीत. एजंटच्या स्वतःच्या खरेदीला चूकभूल विमा (एजंटच्या कामातल्या चुकांसाठीचा) पुष्कळदा लागू होत नाही, तेही बघा. मग दोन्ही ब्रोकरच्या सहीचा रेफरल करार करा. त्यात दोघांचे लायसन्स क्रमांक, ग्राहकाचं नाव, टक्केवारी आणि ती कशाची, हे हवं. ‘एकूण कमिशनच्या, वाटा कापण्याआधी’ एवढे शब्द नसले की क्लोजिंगला (व्यवहार पूर्ण होताना) वाद ठरलेला. मुदत सहा महिने की बारा, आणि त्याच मुदतीत दुसरं घर घेतलं तर फी लागू का, हेही लिहा. तुमच्या ब्रोकरचा डब्ल्यू-९ (कर क्रमांक कळवायचा फॉर्म) सोबत पाठवा, नाहीतर पैसे महिनाभर अडकतात.

खरेदीच्या करारात तुम्ही लायसन्सधारक आहात हे लेखी कळवा. भावाच्या बाबतीत ओळख करून द्या आणि बाजूला व्हा. टेक्सासचं लायसन्स नसताना त्याच्या वतीने किंमत ठरवायला बसलात तर ती बेकायदा दलाली ठरते.

आकडेमोड_सीपीए
मला वाटतं प्रश्नच थोडा चुकलाय. स्वतःच्या घरासाठी रेफरल फी कशाला, रिबेट, म्हणजे एजंटच्या कमिशनमधून ग्राहक म्हणून परत मिळणारे पैसे, मागा. टेक्सासमध्ये एजंटला आपल्या ग्राहकाला कमिशनमधून रिबेट देता येतं.

रेफरलचे २,५०० तुमच्या ब्रोकरकडे आले, ८०-२० वाटणीने तुम्हाला २,००० मिळाले, १०९९ (उत्पन्नाची करखात्याला जाणारी नोंद) निघाला. १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स, शिवाय २४ टक्क्यांच्या गटात असाल तर फेडरल इन्कम टॅक्स. उरतात साधारण १,२७०, न्यू जर्सीचा कर वेगळाच. ‘माझंच घर आहे, हे उत्पन्न कसं?’ हा युक्तिवाद चालत नाही. मालकाच्या फर्ममार्फत स्वतःसाठी मालमत्ता घेणाऱ्या सेल्समनच्या प्रकरणात फिफ्थ सर्किट या फेडरल अपील न्यायालयाने १९६० मध्येच तो वाटा करपात्र ठरवला. उलट खरेदीदाराला मिळालेलं रिबेट आयआरएसने (फेडरल करखात्याने) २००७ च्या एका खासगी पत्रात खरेदी किमतीतली घट मानलं आहे. ते पत्र कायदा नव्हे, पण दिशा स्पष्ट आहे. म्हणजे पूर्ण २,५०० चा फायदा, फक्त घराचा बेसिस (करासाठी धरायची किंमत) तेवढा कमी धरायचा आणि घसारा त्यावर काढायचा.

आणि एक गोष्ट, जी आपल्या लोकांत फार कमी बोलली जाते. तुम्ही एच-१बी वर्क व्हिसावर असाल तर रेफरल फी ही स्वतःच्या धंद्याची कमाई आहे. लायसन्स हातात असणं वेगळं आणि त्यावर कमावणं वेगळं. एच-१बी फक्त स्पॉन्सर कंपनीच्या कामाला परवानगी देतो. ग्रीन कार्ड किंवा एच-४ ईएडी (जोडीदाराच्या व्हिसावरची कामाची परवानगी) असेल तर हा अडसर नाही. नसेल तर भावाच्या व्यवहारातले अडीच हजार घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. एवढ्या रकमेसाठी स्टेटस पणाला लावू नका, कळकळीने सांगतो.

कर्जवाला_इर्विंग
सीपीए साहेबांशी सहमत, पण रिबेट लेंडरपासून लपवायचं नाही. ते क्लोजिंग डिस्क्लोजरवर (व्यवहाराच्या अंतिम हिशेबाच्या कागदावर) दिसलंच पाहिजे. फॅनी मेच्या (लेंडरकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या संस्थेच्या) नियमात एजंट हा ‘हितसंबंधी पक्ष’ आहे आणि भाड्याच्या घरावर अशा सगळ्या पक्षांकडून मिळणाऱ्या मदतीची मर्यादा २ टक्के आहे, डाउन पेमेंट कितीही असो. चार लाखांवर ८,००० डॉलर. विक्रेत्याने क्लोजिंग खर्चासाठी ७,००० कबूल केले असतील आणि वर २,५०० रिबेट आलं, तर जादाचे १,५०० लेंडर किमतीतून वजा करून कर्जाचं किमतीशी गुणोत्तर पुन्हा काढतो. हे पैसे क्लोजिंग खर्चालाच वापरता येतात, डाउन पेमेंटला नाही.

ऑफर देतानाच लोन ऑफिसरला रिबेटचा आकडा कळवा. क्लोजिंगच्या आदल्या दिवशी तो उगवला की फाइल परत अंडररायटरकडे (कर्ज मंजूर करणाऱ्याकडे) जाते, तारीख पुढे ढकलावी लागते, आणि रेट लॉक (व्याजदर पक्का धरून ठेवायची मुदत) संपत आला असेल तर मुदतवाढीचे पैसे रिबेटपेक्षा जास्त पडू शकतात.

एडिसनकर
मनापासून आभार. ग्रीन कार्ड आहे, तो प्रश्न नाही. स्वतःसाठी रिबेट आणि भावासाठी ब्रोकरमार्फत रेफरल, असं करतो. घर एलएलसीच्या (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या) नावावर घेतलं तर?

आकडेमोड_सीपीए
रिबेट करारातल्या खरेदीदाराला मिळतं, म्हणजे एलएलसीला. एजंटशी केलेल्या करारावरही एलएलसीचंच नाव घाला, नाहीतर टायटल कंपनी (क्लोजिंग करून देणारी) विचारेल की पैसे द्यायचे कोणाला. आणि नाव घालण्याआधी लेंडरशी बोला, फॅनी मेचं साधं कर्ज एलएलसीच्या नावावर मिळत नाही.